मेंढी, वडील आणि पावतीपुस्तक

स.न.वि.वि.,

मी ३६ वर्षांची आहे, नोकरी करते. माहेर आणि सासर एकाच सोसायटीत, समोरासमोरच्या विंगमध्ये. वडील ७१ वर्षांचे, निवृत्त गणित शिक्षक, नऊ वर्षं सोसायटीचे खजिनदार. गेल्या वर्षी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी ३२ फ्लॅटकडून प्रत्येकी ८,००० रुपये वर्गणी काढली. काम अजून सुरू व्हायचंय. यंदा कमिटीने सगळे हिशेब कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे दिलं, ‘तू घरचीच’ म्हणून. चौदा जणांनी चेक दिले होते, ते पासबुकात दिसतात. अठरा जणांनी रोख दिले. त्यांच्या पावत्यांच्या निळ्या कार्बन कॉप्या बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरात आहेत, पण ते १,४४,००० रुपये बँकेत भरल्याची नोंद कुठेच नाही. त्याच महिन्यात माझ्या भावाच्या दुकानाचं थकलेलं भाडं भरलं गेलं.

आमच्या वाचनकट्ट्यावर सध्या कन्फ्यूशियस चाललाय. परवाचा प्रसंग असा: एकाच्या बापाने मेंढी चोरली आणि मुलाने जाऊन बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडे बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला झाकतो आणि सरळपणा त्यातच असतो. कट्ट्यावरचे एक काका म्हणाले, “हीच ती घराणेशाहीची मुळी.” सगळे हसले. मला घाम फुटला. सप्टेंबरात वार्षिक सभा आहे. मी कमिटीला सांगू की गप्प बसू? आणि कन्फ्यूशियस खरंच गप्प बसायला सांगतो का?

— नाव छापू नये

नाव छापत नाही. गावही नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एक वाक्य शोधत होतो, ते सापडलं नाही: “मी बाबांना विचारलं.” तुम्ही पावत्या मोजल्यात, भाड्याची तारीख जुळवलीत, कट्ट्यावर घाम पुसलात, मला लिहिलंत. ज्यांच्या अक्षरात त्या पावत्या आहेत ते समोरच्या विंगमध्ये बसलेत. कदाचित ती रक्कम कपाटात लिफाफ्यात पडून असेल. कदाचित ठेकेदाराला रोख उचल दिली असेल आणि व्हाउचर करायचं राहिलं असेल. मी स्वतः दोन वर्षं आमच्या सोसायटीचा सचिव होतो. टँकरवाल्याचे पैसे रेनकोटच्या खिशात ठेवले आणि ते मला पुढच्या जूनमध्ये सापडले, तेही तेव्हाच्या खजिनदारांनी चारचौघांत दोनदा विचारून झाल्यावर. आणि कदाचित तुम्हाला वाटतंय तेच खरं असेल. पुढचं सगळं मी ते खरं धरूनच लिहितोय. पण विचारायचं राहिलंय हे विसरू नका, कारण मेंढीच्या गोष्टीतल्या मुलानेही ते विचारल्याचं कुठे दिसत नाही.

ती गोष्ट ‘लुन-यू’ या संवादसंग्रहाच्या तेराव्या प्रकरणात आहे, जेमतेम तीन-चार वाक्यांची. कन्फ्यूशियसचा जन्म इ.स.पू. ५५१ चा, लू राज्यातला, म्हणजे चीनच्या आजच्या शानतुंग प्रांतातला. पन्नाशी उलटल्यावर त्याने लू सोडलं आणि एखादा राजा तरी आपलं ऐकेल या आशेवर शिष्यांना घेऊन जवळजवळ चौदा वर्षं राज्याराज्यांतून हिंडला. कुणी ऐकलं नाही. या भटकंतीत दक्षिणेकडच्या चू राज्यातल्या शे नावाच्या मुलखाच्या अधिकाऱ्याशी त्याची गाठ पडली. मेंढीची गोष्ट सांगतो तो हा अधिकारी, आणि सांगतो तो फुशारकीने: आमच्या मुलखात गोंग नावाचा असा सरळ माणूस आहे की बापाने मेंढी उचलली तर त्याने साक्ष दिली! आमचं प्रशासन बघा किती चोख, पोरं बापाला धरून देतात. कन्फ्यूशियसचं उत्तर आहे ते या फुशारकीला. कुणी मुलगा डोळ्यांत पाणी आणून “मी काय करू?” असं विचारायला आलेला नाही. गोंग बापाशी एक शब्द तरी बोलला का, हेही गोष्टीत नाही.

आता यातले दोन शब्द जवळून बघा, कारण तुमचं दुखणं तिथेच आहे. बापाने जे केलं त्याला मूळ चिनीत ‘रांग’ असा शब्द आहे (आपली रेशनची रांग नव्हे). जुने भाष्यकार त्याचा अर्थ सांगतात तो कुंपण तोडून केलेल्या चोरीचा नाही. मेंढी चुकून आपल्या वाड्यात शिरली आणि आपण दार लावून घेतलं, अशी ती चोरी. तुमच्या बाबांकडेही अठरा माणसं आपल्या पायांनी आली, पैसे हातात देऊन, पावती घेऊन, चहा पिऊन गेली. मेंढी घरात होती आणि त्याच महिन्यात मुलाच्या दुकानाला टाळं लागायची वेळ आली होती. याने चोरी धुतली जात नाही. पण आपण कुठल्या जातीच्या चोरीबद्दल बोलतोय ते कळतं. चांगल्या माणसांच्या हातून होते ती ही.

दुसरा शब्द ‘यिन’. झाकणं, पोटात ठेवणं, आपणहून न सांगणं. खोटी साक्ष देणं, खाडाखोड करणं, खोटी पावती फाडणं हे त्यात बसत नाही. शिवाय कन्फ्यूशियस असंही म्हणत नाही की बापाने केलं ते ठीक. तो म्हणतो, सरळपणा ‘त्यात’ असतो. सरळपणा म्हणजे त्याला काय अभिप्रेत आहे ते पाचव्या प्रकरणातल्या एका चिमुकल्या प्रसंगावरून कळतं. वेइशंग काव नावाचा एक गृहस्थ सरळपणाबद्दल प्रसिद्ध होता. कुणी त्याच्याकडे थोडा शिरका (व्हिनेगर) मागायला आलं. घरात नव्हता. ‘नाही’ म्हणायचं सोडून हा शेजाऱ्याकडून मागून आणतो आणि आपलाच म्हणून देतो. कन्फ्यूशियस विचारतो, कोण म्हणतं हा सरळ आहे? आत एक आणि बाहेर दुसरं, इतक्या बारीक ठिकाणीसुद्धा, की झाला माणूस वाकडा. बाप पकडला जाताना ज्याच्या पोटात कालवत नाही, किंवा कालवत असूनही जो चेहरा ताठ ठेवून साक्षीला उभा राहतो, तो गोंग शिरका देणाऱ्याचा सख्खा भाऊ. तुम्हाला घाम फुटला ना? कन्फ्यूशियसच्या हिशेबी तुम्ही गोंगपेक्षा सरळ आहात.

पण पोटात ठेवलं की संपलं, असं जो समजतो त्याने ‘लुन-यू’ अर्धंच वाचलंय. चौथ्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय: आईवडिलांचं चुकत असेल तर हळुवारपणे समजवा, ऐकत नाहीत असं दिसलं तरी आदर सोडू नका, कष्ट पडले तरी कुरकुर करू नका. म्हणजे झाकायचं ते राजापासून, बापापासून नव्हे. बापासमोर तर ते उघडं करायचं, तेही पहिल्यांदा मुलाने. ‘शियाओ-चिंग’ या मातृपितृभक्तीवरच्या छोट्या ग्रंथात शिष्य त्संग-झी विचारतो, वडील सांगतील ते ऐकणं म्हणजेच भक्ती का? यावर गुरू जवळजवळ ओरडतोच: “हे काय बोलणं! हे काय बोलणं!” ज्या बापाला वाद घालणारा मुलगा आहे तो अधर्मात पडत नाही, म्हणून अधर्म दिसला की मुलाने बापाशी वाद घातलाच पाहिजे, असं तिथे आहे. आपल्याकडे पुंडलिकाचं उदाहरण देऊन पोरांना गप्प बसवणाऱ्यांना हे पान वाचून दाखवायला हवं.

याच त्संग-झीची आणखी एक गोष्ट नंतरच्या एका संग्रहात येते. खुरपताना त्याच्या हातून खरबुजाच्या वेलाचं मूळ तुटलं. बापाने मोठा सोटा घेऊन असा हाणला की पोरगा बेशुद्ध. शुद्धीवर आल्यावर त्याने बापाची विचारपूस केली, मारून हात दुखला नाही ना? मग खोलीत जाऊन तंतुवाद्य वाजवत गाऊ लागला. आपण धडधाकट आहोत हे बापाला ऐकू जावं म्हणून. आज्ञाधारक मुलाचा हा कळस वाटतो ना? कन्फ्यूशियसने ऐकलं आणि दारातल्या शिष्यांना सांगितलं, तो आला तर आत सोडू नका. का? तर पूर्वी शुन नावाचा मुलगा होता, बाप छडी घेऊन आला तर तो उभा राहायचा, सोटा घेऊन आला तर पळून जायचा. तू उभा राहिलास, मेला असतास तर बाप खुनी ठरला असता. याहून मोठी अभक्ती कुठली?

ही गोष्ट तुमच्यासाठी फार कामाची आहे. तुम्ही गप्प बसून, स्वतःच्या बचतीतून १,४४,००० रुपये गुपचूप भरून टाकायचा विचार केला असेलच. पत्रात लिहिलं नाहीत, पण छत्तिशीतल्या कमावत्या मुली आधी हाच विचार करतात. ते खोलीत बसून तंतुवाद्य वाजवणं आहे. बाबांना वाटेल कुणाला कळलं नाही. भावाला पुढच्या वर्षी पुन्हा अडचण येईल. आणि खजिनदार म्हणून बाबांचं जे व्हायचं ते तुमच्या गप्प बसण्याने होईल.

आता तुमच्या कट्ट्यावरच्या काकांकडे वळतो. ते सगळंच चुकीचं बोलत नाहीत, पण मुळी त्यांनी भलत्याच झाडाची उपटली.

हाच आक्षेप त्यांच्या दोन हजारांवर वर्षं आधी हान-फेइने घेतला होता. हा इ.स.पू. २३३ मध्ये मेला. कडक कायदा आणि कडक शिक्षा या पंथाचा सर्वांत हुशार लेखक. त्याच्या पुस्तकात हीच मेंढी आहे, फक्त शेवट वेगळा: चूच्या प्रधानाने गोंगलाच ठार केलं, राजाशी सरळ पण बापाशी वाकडा म्हणून. आणि मग चूमध्ये गुन्ह्याची खबर द्यायला कुणी पुढे येईना. शेजारी तो लूच्या एका सैनिकाची गोष्ट ठेवतो. तीनदा लढाईतून पळाला. विचारलं तर म्हणाला, घरी म्हातारा बाप आहे, मी मेलो तर त्याला कोण बघणार? कन्फ्यूशियसने त्याला बढती दिली, आणि लूचे लोक सर्रास रण सोडू लागले. हान-फेइचा निष्कर्ष एका वाक्याचा आहे: बापाचा भक्त मुलगा तो राजाचा फितूर नोकर. वाक्य बिनतोड आहे. मी कॉलेजात असताना मला ते इतकं पटलं होतं की महिनाभर घरी ते ऐकवत होतो.

पण ते वाक्य ज्या राज्यात अमलात आलं तिथे काय झालं तेही बघा. हान-फेइच्या आधी शतकभर, छिन राज्यात शांग यांगने घरांचे पाच-पाच, दहा-दहांचे गट पाडले आणि एकमेकांवर पहारा ठेवायला लावला. गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्याला कमरेतून दोन तुकडे करायची शिक्षा होती. छिनने इ.स.पू. २२१ मध्ये सगळा चीन जिंकला आणि पंधरा वर्षांत त्याचा निकाल लागला. त्यानंतरच्या हान घराण्याच्या बादशहाने इ.स.पू. ६६ मध्ये फर्मान काढलं की मुलाने आईबापांना, बायकोने नवऱ्याला, नातवाने आजीआजोबांना झाकलं तर त्याला शिक्षा करू नये. राजद्रोहासारखे गुन्हे वगळून ही सूट पुढच्या राजवटींच्या कायद्यांत टिकली. विसाव्या शतकात, १९४९ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर, ती पुसली गेली. पुढे सांस्कृतिक क्रांतीत, १९७० मध्ये, आन्हुइ प्रांतात सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाने आई माओविरुद्ध बोलली म्हणून तक्रार केली आणि तिला गोळी घातली गेली. त्याने २०१३ मध्ये, साठीला टेकल्यावर, जाहीर माफी मागितली. त्याच्या आदल्या वर्षी चीनने फौजदारी प्रक्रियेचा कायदा बदलून नवरा-बायको, आईवडील आणि मुलं यांना एकमेकांविरुद्ध कोर्टात उभं राहायची सक्ती करायची नाही, असं ठरवलं. मेंढीच्या गोष्टीला अडीच हजार वर्षं होत आली आणि ती अजून कायद्याच्या पुस्तकात आत-बाहेर करतेय.

कन्फ्यूशियसला भीती होती ती याची. दुसऱ्या प्रकरणात तो म्हणतो, लोकांना हुकुमांनी हाका, शिक्षेने सरळ करा, ते शिक्षा चुकवायला शिकतील पण लाज शिकणार नाहीत. सद्गुणाने पुढे चला, ‘ली’ने, म्हणजे रीत, मर्यादा, वागण्याची पद्धत यांनी सरळ करा, त्यांना लाज कळेल आणि ते आपणहून वळणावर येतील. ही लाज घरात शिकली जाते. बापाच्या चुकीने ज्या मुलाला लाज वाटते तोच उद्या अधिकारी झाल्यावर लाच घेताना अडखळेल. बापाला सहज विकणारा मुलगा राज्याला विकायला कितीसा वेळ लावेल?

घराणेशाहीचं म्हणाल तर अकरावं प्रकरण उघडा. रान छ्यू हा त्याचा जवळचा शिष्य, कारभारात तरबेज. तो लूमधल्या ची घराण्याच्या नोकरीत लागला. हे घराणं राजाला बाजूला सारून राज्य चालवत होतं आणि आधीच गडगंज होतं. रान छ्यूने त्यांच्यासाठी कर गोळा करून तिजोरी आणखी फुगवली. गुरूने काय केलं? झाकलं? शिष्य तर मुलासारखा. तो म्हणाला, हा माझा शिष्य नव्हे. पोरांनो, नगारा वाजवा आणि त्याच्यावर तुटून पडा. आणि त्याच घराण्याचा प्रमुख चोरांचा उपद्रव वाढला म्हणून सल्ला विचारायला आला, तेव्हा त्याला तोंडावर सांगितलं: तुम्ही स्वतः हावरे नसता, तर बक्षीस देऊ केलं तरी लोकांनी चोरी केली नसती. घरातल्या बापाची मेंढी एक गोष्ट, खुर्चीत बसून लोकांचं धान्य ओरपणं दुसरी. काकांना ज्या घराणेशाहीचा राग आहे ती दुसऱ्या जातीची, आणि तिथे हा म्हातारा नगारा वाजवतो.

तरी काका पूर्ण चूक नाहीत असं म्हटलं ते अशासाठी: पुढे हान बादशाहीत राजा प्रजेचा, बाप मुलाचा, नवरा बायकोचा नियंता अशी तीन बंधनं सांगितली गेली, आणि कन्फ्यूशियसच्या नावावर वरच्याने हुकूम सोडायचा, खालच्याने मान डोलवायची असा कारभार शतकानुशतकं चालला. ‘लुन-यू’मध्ये ही तीन बंधनं या रूपात नाहीत. पण बी तिथे नव्हतंच, असं मी शपथेवर सांगणार नाही. आणि आणखी एक. या सगळ्या ग्रंथांत बाप आहे, मुलगा आहे, भाऊ आहे. छत्तीस वर्षांची, नोकरी करणारी, वडिलांचा हिशेब तपासणारी मुलगी कन्फ्यूशियसच्या डोक्यात कधी आलीच नाही. बायकांबद्दल त्याचं जे एक वाक्य ठळकपणे टिकलंय ते न वाचलेलं बरं. त्यामुळे तो जे मुलाला सांगतो ते मी तुम्हाला सांगतोय, त्याची परवानगी न घेता.

आता खरी गाठ. तुमच्यात आणि गोंगमध्ये एक मोठा फरक आहे. गोंग फक्त मुलगा होता. तुम्ही मुलगी आहात आणि हिशेबनीसही आहात. दोन नावं एका माणसाला चिकटलीत.

कन्फ्यूशियसला शिष्य झी-लूने विचारलं होतं, वेइच्या राजाने राज्य तुमच्या हाती दिलं तर आधी काय कराल? उत्तर: नावं नीट करीन. झी-लूला ते इतकं हास्यास्पद वाटलं की त्याने गुरूला सुनावलं, “काय हे, किती आडवळणाने जाता!” पण वेइमध्ये तेव्हा काय चाललं होतं? गादीवर मुलगा, आणि हद्दपार बाप ती गादी परत मिळवायला धडपडतोय. बाप बाप नाही, मुलगा मुलगा नाही, राजा राजा नाही. नाव बिघडलं की शब्द बिघडतो, शब्द बिघडला की काम बिघडतं. झी-लू पुढे याच बाप-लेकाच्या भांडणात इ.स.पू. ४८० मध्ये मारला गेला. मरताना, टोपीची तुटलेली नाडी बांधत, सज्जन टोपीशिवाय मरत नाही म्हणाला. बिचारा.

हिशेबनिसाच्या नावात काय येतं तेही कन्फ्यूशियसने स्वतः करून दाखवलंय. तरुणपणी गरिबीत असताना तो धान्यकोठाराचा कारकून होता. त्या कामाबद्दल त्याचं म्हणणं त्याच्याच परंपरेतल्या मेन्शियस या विचारवंताने नोंदवलंय: हिशेब बरोबर असावेत, बस. तिथे हिशेबाला जो शब्द आहे तोच आजही चीनमध्ये अकाउंटिंगला वापरतात. हिशेबनिसाने वडिलांसाठी काय करावं, यावर एक अक्षर नाही. हिशेब बरोबर असावेत, बस.

मग मुलगी आणि हिशेबनीस एकमेकींच्या आड आल्या तर? हा प्रश्न मेन्शियसला जवळजवळ याच शब्दांत विचारला गेला. मेन्शियस कन्फ्यूशियसनंतर शतकभराने जन्मला, त्याच्याइतका संयमी नव्हता आणि मला तो जास्त आवडतो. मघाचा शुन मोठेपणी बादशहा झाला. ताव यिंग नावाच्या शिष्याने विचारलं, समजा शुनच्या बापाने खून केला आणि न्यायाधीश आहे काव याव, तर? मेन्शियस म्हणाला, काव याव त्याला पकडेल. शुन अडवणार नाही? कसा अडवेल, कायदा काव यावकडे रीतसर आलाय. (आपला रामशास्त्री डोळ्यांसमोर आणा, म्हणजे काव याव दिसेल.) मग शुन काय करील? शुन सगळं साम्राज्य झिजलेल्या वहाणेसारखं टाकून देईल, बापाला गुपचूप पाठीवर घेईल, समुद्रकाठी पळून जाईल आणि साम्राज्य विसरून जन्मभर आनंदात राहील.

लोक या उत्तराला हसतात, पळपुटेपणा म्हणतात. मला त्यातला क्रम दिसतो. आधी वहाण टाकली, मग बाप पाठीवर घेतला. गादीवर बसून फर्मान काढून बापाला सोडवलं नाही. गादीवर बसून बापाला फाशीही दिलं नाही. आणि काव याव आपल्या जागी राहिला, त्याला कुणी हात लावला नाही.

म्हणून तुम्ही आधी हिशेबाची वही खाली ठेवा. या आठवड्यात सचिवांना दोन ओळींचं पत्र द्या: खजिनदार माझे वडील आहेत, त्यांचे हिशेब मी तपासणं योग्य नाही, हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं. हे तुम्ही पहिल्या दिवशी म्हणायला हवं होतं आणि कमिटीने ‘घरचीच’ म्हणून तुमच्या गळ्यात घालायला नको होतं, दोघांचंही चुकलं. पावतीपुस्तक, पासबुक, कॉम्प्युटरवर जिथपर्यंत आलंय ते सगळं जसंच्या तसं परत करा. एक आकडा बदलू नका, एक ओळ गाळू नका. कार्बन कॉप्या बोलतात, त्यांना बोलू द्या. उद्या कुणी तुम्हाला सरळ विचारलं की रकमा जुळत होत्या का, तर खोटं बोलू नका. आपणहून न सांगणं आणि विचारल्यावर खोटं सांगणं यांतलं अंतर म्हणजेच तुमच्या पत्राचं सगळं उत्तर आहे.

पण हे पत्र देण्याआधी, आदल्या संध्याकाळी, समोरच्या विंगमध्ये जा. आई देवळात किंवा फिरायला गेलेली असेल अशी वेळ बघा, भाऊ घरात नसेल अशी. पावतीपुस्तक नेऊ नका, ते पुरावा काढून दाखवल्यासारखं होतं. बाबा गणिताचे शिक्षक, त्यांना अठरा गुणिले आठ हजार तुम्ही सांगायची गरज नाही. “बाबा, वॉटरप्रूफिंगची रोख रक्कम मला बँकेत दिसत नाही. कुठे आहे?” एवढंच. आणि मग थांबा. बोलण्यापेक्षा हे थांबणं अवघड जाईल. आईवडिलांची सेवा म्हणजे काय असं एका शिष्याने विचारलं तेव्हा कन्फ्यूशियस दोन अक्षरांत म्हणाला: चेहरा अवघड. काम करून देणं, जेवू घालणं सोपं आहे, चेहरा सांभाळणं अवघड. तुमच्या चेहऱ्यावर त्या वेळी ऑडिटर दिसला तर ते खोटं बोलतील. मुलगी दिसली तर बहुतेक नाही बोलणार.

पैसे भावाकडे गेले असतील तर ते परत कसे भरायचे हे तिघांनी बसून ठरवा. तुम्हाला झेपत असेल तर उसने द्या, पण बाबांच्या हातात द्या, आणि बँकेत भरायला त्यांनी स्वतः जायचं. मग कमिटीपुढे त्यांनीच सांगायचं: रक्कम वेळेवर भरली गेली नाही, चूक माझी, ही स्लिप, हा राजीनामा. नऊ वर्षांच्या कामानंतर हे जड जाईल. झी-कुंग या शिष्याने कन्फ्यूशियसला विचारलं होतं की अन्न, शस्त्रं आणि लोकांचा विश्वास यांतलं एकेक सोडायचं झालं तर? गुरूने आधी शस्त्रं सोडली, मग अन्न, विश्वास शेवटपर्यंत धरून ठेवला. ३२ फ्लॅटच्या सोसायटीतही गणित तेच आहे. बाबांनी स्वतः येऊन सांगितलं तर जिन्यात भेटणारी माणसं वर्षभर कुजबुजतील आणि मग त्यांना पुन्हा पोरांच्या शिकवण्या घ्यायला सांगतील. हिशेब तपासनिसाने सांगितलं तर तसं होणार नाही.

आणि ते नाहीच म्हणाले तर? पुन्हा जा, तोच प्रश्न, तोच चेहरा. तिसऱ्यांदा जा. “कुरकुर करू नका” हे मला चौथ्या प्रकरणातलं सर्वांत कठीण वाक्य वाटतं. तेवढ्यात नवा हिशेबनीस पावत्या उघडेल. काव याव त्याचं काम करील, तुम्ही त्याच्या आड यायचं नाही. त्या दिवशी बाबांना वकील लागला तर तो शोधा, सभेला त्यांच्याशेजारच्या खुर्चीवर बसा.

वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी लागते, आणि एकदा ती बोर्डावर लागली की सगळे जण आपापल्या पावत्या शोधायला लागतात. तुमच्याकडे तेवढा ऑगस्ट आहे.